आवक-जावक : दंडाची पावतीच चुकीची असेल तर

(या सदरात वाचकांच्या सरकारी कागदपत्रांविषयीच्या प्रश्नांना उत्तरं दिली जातात. सदर लिहिणाऱ्या ताई एका नगरपालिकेतून निवृत्त झाल्या असून सध्या सांगलीत राहतात.)

गेल्या दोन महिन्यांत पार्किंगच्या दंडाबद्दल इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा अंक त्यालाच द्यावा असं ठरवलं. चार पत्रं निवडली आहेत. पहिल्या पत्राला मी जास्त जागा घेणार आहे, कारण त्या ताईंच्या हातात जेवढा पुरावा आहे तेवढा क्वचितच कोणाकडे असतो, आणि तरी त्या गप्प बसायच्या विचारात आहेत.

प्रश्न : मी साताऱ्यात शाहूपुरीत राहते. गेल्या महिन्यात वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका शहरात गेलो होतो. गाडी तिथल्या पालिकेच्या पे अँड पार्कमध्ये लावली. चार तासांचे ४० रुपये आधीच घेतले, पावती दिली. तीन वाजून दहा मिनिटांनी परत आलो तर वायपरखाली दुसरी चिठ्ठी, त्यावर आत आल्याची वेळ १०.४० आणि ‘जादा वेळ दंड रु. ३००’. माझ्या पावतीवर ११.४० आहे. तिथला मुलगा म्हणाला, "मशीनमधी आलंय ते आलंय, भरा नाहीतर साखळी काढणार नाही." डोळ्याला पट्टी बांधलेले वडील उन्हात उभे होते, मी ३०० रुपये दिले. घरचे म्हणतात, तीनशे रुपयांसाठी कुठं हेलपाटे घालतेस. पण मला ते पचत नाही. काय करावं?

उत्तर : ताई, पचू देऊ नका. तुमच्या पत्रासोबतच्या दोन्ही कागदांचे फोटो मी मोठे करून पाहिले. तुमच्या पावतीवर ११.४० स्वच्छ दिसतंय. दुसऱ्या चिठ्ठीवर १०.४० आहे, पण दोन्हींवर पावती क्रमांक एकच आहे. एकाच क्रमांकाच्या दोन कागदांवर दोन वेळा. ही गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही, म्हणजे तुमच्या लक्षात आलेली नसावी. पण तुमच्या तक्रारीचं पहिलं वाक्य हेच असायला हवं.

आणखी एक. तुमच्या मूळ पत्रात तुम्ही सहज लिहिलंय की साताऱ्याहून निघून तासवडे टोलनाका ओलांडला तेव्हा बँकेचा फास्टॅगचा मेसेज आला, सकाळी १०.१८ चा. तासवड्याहून त्या गावी पोचायला सव्वा तास तरी लागतोच. १०.१८ ला तासवड्याला असलेली गाडी १०.४० ला तिथल्या पार्किंगमध्ये उभी कशी असेल? हा मेसेज पुसू नका, त्याचा स्क्रीनशॉट काढा. दवाखान्याच्या केसपेपरवर नोंदणीची वेळ ११.५५ आहे, त्याचीही प्रत लावा. आजाराची माहिती झाकून फक्त तारीख आणि वेळ दिसेल अशी झेरॉक्स काढली तरी चालते.

आता सगळ्यात घाईचं काम. या दोन्ही पावत्या थर्मल कागदाच्या आहेत, गुळगुळीत, नखानं ओरखडा काढला की काळी रेघ उमटते तो कागद. उष्णतेनं त्यावरची अक्षरं उडतात. पर्समध्ये किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली तर काही महिन्यांत कोरी होते. लॅमिनेशन तर मुळीच करू नका, त्या गरम रोलरखाली कागद जागीच काळा पडतो. आजच दोन्हींच्या तीन-तीन झेरॉक्स काढा आणि मूळ पावत्या कोरड्या वहीत, अंधाऱ्या कपाटात ठेवा. माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत पांढरी शुभ्र चिठ्ठी टेबलावर ठेवून "यावर लिहिलं होतं हो" म्हणणारी कितीतरी माणसं मी पाहिली. खरं बोलत होती, पण नोंद कशाची करणार?

तक्रार कोणाकडे करायची? पावतीवर पालिकेचं नाव आहे, खाली ठेकेदाराच्या फर्मचं. वसुली ठेकेदार करतो, पण दर त्याचे नसतात. ते पालिकेच्या ठरावाचे असतात आणि ठेकेदाराशी झालेल्या करारनाम्यात लिहिलेले असतात. दंड घेता येतो का, किती, कधी, हेही त्यातच असायला हवं. तिथे नसेल तर ते पैसे कोणत्या अधिकारात घेतले हे पालिकेनं सांगायचं. म्हणून अर्ज ठेकेदाराला नको, पालिकेला. नगरपरिषद असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, महानगरपालिका असेल तर आयुक्तांच्या नावे.

अर्ज अर्ध्या पानाचा पुरे. असा :

‘विषय : पार्किंग पावती क्र. … वरील चुकीची दंड आकारणी रद्द होऊन रु. ३०० परत मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळवू इच्छिते की, दि. … रोजी माझे वाहन क्र. … पालिकेच्या … येथील वाहनतळात सकाळी ११.४० वाजता लावले. त्याची पावती सोबत जोडली आहे. त्याच क्रमांकाच्या दुसऱ्या चिठ्ठीवर वेळ १०.४० दाखवून रु. ३०० दंड वसूल करण्यात आला. सकाळी १०.१८ वाजता माझे वाहन तासवडे टोलनाक्यावर असल्याची फास्टॅगची नोंद सोबत आहे. तरी सदर आकारणी रद्द करून रक्कम परत मिळावी व केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती मिळावी, ही विनंती.’

खाली ‘सोबत’ लिहून जोडलेल्या कागदांची क्रमवार नोंद, तारीख, सही, पत्ता, मोबाइल. वडिलांना उन्हात उभं राहावं लागलं हे अर्जात लिहू नका. मला तुमचा राग समजतो, पण साहेब अर्ज वाचतो तेव्हा बाजूच्या टेबलावरचे पन्नास अर्ज त्याला खुणावत असतात. त्याला आकडे दिसू द्या. त्या मुलाचं वागणंही वेगळ्या अर्जात, हवं तर. तो मशीन घेऊन उन्हात उभा असलेला पोर आहे, मशीनचं घड्याळ त्यानं लावलेलं नाही. तक्रार चिठ्ठीविरुद्ध करा, ती टिकते.

आणि आता माझी विनंती, ही मी प्रत्येक अंकात करते म्हणून वाचक कंटाळले असतील तरी करणार. अर्ज साहेबांच्या हातात देऊ नका. ओळखीच्या नगरसेवकाच्या हातात देऊ नका. आवक-जावक विभागात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कागदाची रजिस्टरमध्ये क्रमांक घालून नोंद होते तिथे, द्या. अर्जाच्या दोन प्रती न्या, एक तिथे द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. क्रमांक घातल्याशिवाय जागेवरून हलू नका. "नंतर या, रजिस्टर साहेबांकडे आहे" म्हणाले तर "थांबते" म्हणा आणि बाकावर बसा.

मी ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली १९ वर्षं आवक-जावकच्या टेबलावर. एक फळवाले काका होते. त्यांच्या हातगाडीवर लावलेला दंड चुकीचा होता, हे मलाही दिसत होतं. त्यांनी तीन वेळा अर्ज दिला, तिन्ही वेळा थेट साहेबांच्या केबिनमध्ये, नमस्कार करून. साहेब भले होते, "बघतो" म्हणाले. पुढे बदली झाली. आठ महिन्यांनी काका माझ्याकडे आले, मी रजिस्टर पानापानानं उलटून पाहिलं, एकही नोंद नाही. कार्यालयाच्या दृष्टीनं त्यांनी कधी तक्रार केलीच नव्हती. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा आवक क्रमांक म्हणजे काय ते समजावून सांगितलं. आठ महिने आधी सांगायला हवं होतं, ते रोज माझ्या टेबलासमोरून जात होते. हे सदर मी त्यांच्यामुळे लिहिते.

तुम्ही साताऱ्यात आहात, त्या गावी जाणं होत नसेल तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि ट्रॅकिंगमधली ‘पोहोचलं’ची नोंद छापून ठेवा. आठवड्यानं फोन करून आवक क्रमांक विचारा.

महिन्याभरात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार. जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात अर्ज, त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे मन मोकळं करायला जागा नाही आणि तेच बरं. मागा : अमुक वाहनतळाच्या ठेक्याचा करारनामा, दर ठरवणारा ठराव, आणि तुमच्या आवक क्रमांकाच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिप्पणीची, म्हणजे फाइलवर लिहिलेल्या नोंदीची, प्रत. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं किंवा अर्धवट दिलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचं तिकीट. माझा अनुभव असा की करारनामा मागितला की पैसे परत करण्याची टिप्पणी आपोआप पुढे सरकते.

तेही नाही जमलं तर लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात तो दिवस. महिन्याचा पहिला सोमवार. पण विहित नमुन्यातला अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो, ही गोष्ट माहीत नसल्यानं माणसं सोमवारी सकाळी हात हलवत येतात आणि परत जातात.

तीनशे रुपयांसाठी एवढं? हो. त्या मशीनचं घड्याळ अजून तसंच असेल तर त्या तळावर रोज कोणाचे तरी तीनशे जात असतील, आणि तुमच्यासारखा टोलनाक्याचा मेसेज प्रत्येकाकडे नसतो.

प्रश्न : मी विश्रामबाग, सांगली येथे राहतो. एसटीत चालक होतो, २८ वर्षांच्या नोकरीत माझ्या नावावर एक दंड नाही. आता मोबाइलवर मेसेज आला की माझ्या मोपेडला दुसऱ्या एका शहरात नो पार्किंगचा ५०० रुपये ई-चलान. त्या शहरात मी दोन वर्षांत गेलेलो नाही. मोपेड तर गल्लीच्या बाहेर जात नाही. मुलगा म्हणतो, पप्पा भरून टाका, विषय संपवा. मला झोप लागत नाही. पालिकेत जाऊ का?

उत्तर : दादा, पालिकेत नको. रस्त्यावरचं नो पार्किंगचं ई-चलान वाहतूक पोलिसांचं असतं, मोटार वाहन कायद्याखालचं. पालिकेचा शिपाई तुम्हाला पोलिसांकडे पाठवेल आणि तुमचा एक दिवस जाईल.

आधी एक गोष्ट पाहा. तो मेसेज खरा आहे का? ई-चलानच्या नावानं खोटे मेसेज खूप येतात. लिंक दाबू नका, व्हॉट्सअॅपवर आलेली कुठलीही फाइल फोनमध्ये उतरवून घेऊ नका. मुलाला सांगा, ब्राउझरमध्ये महाराष्ट्र वाहतूक पोलिसांची ई-चलानची साइट स्वतः टाइप कर. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना, ते पाहा. तिथे गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की तुमच्या नावावरची चलानं दिसतात. आरसी बुक हाताशी ठेवा. काहीच दिसलं नाही तर मेसेज खोटा, शांत झोपा.

दिसलं तर चलानसोबतचा फोटो उघडा आणि बोटांनी मोठा करा. घाई करू नका, चष्मा लावून बसा. सांगलीचा क्रमांक एमएच १०, साताऱ्याचा एमएच ११, कऱ्हाडचा एमएच ५०. उन्हात उभं राहून मशीनवर नंबर टाकताना शून्याच्या जागी एक किंवा एकाच्या जागी शून्य पडणं अगदी सहज होतं. फोटोत मोटारसायकल असेल आणि तुमची मोपेड असेल, किंवा नंबर प्लेटवर एखादा आकडा वेगळा असेल, तर तुमचं काम अर्धं झालं. फोटोचा स्क्रीनशॉट, आरसीची प्रत आणि तुमच्या मोपेडचा मागून-पुढून नंबर दिसेल असा फोटो, हे तिन्ही त्याच साइटवरच्या किंवा महाट्रॅफिक अॅपमधल्या तक्रारीच्या जागी चढवा. तक्रार क्रमांक मिळेल, तो वहीत लिहा. शिवाय हाच अर्ज कागदावर, ज्या शहरातून चलान निघालं तिथल्या वाहतूक शाखेच्या पोलिस निरीक्षकांच्या नावे पाठवा. फोनवर चढवलेली तक्रार आणि कागदावरची तक्रार, दोन्ही हव्यात. इथेही आवक क्रमांक हवाच.

पण फोटोत गाडी वेगळी आणि नंबर मात्र हुबेहूब तुमचाच असेल, तर प्रकरण वेगळं आहे. कोणीतरी तुमचा नंबर लावून फिरतंय. मग चलानचा विचार नंतर, आधी विश्रामबागच्या पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. उद्या त्या गाडीनं अपघात केला तर तुमच्या हातात त्या तारखेचा कागद असायला हवा.

मुलाचं म्हणणं का ऐकू नये, तेही सांगते. चलान भरलं म्हणजे कायद्याच्या भाषेत तडजोड झाली, गुन्हा झाल्याचं तुम्ही मानलं आणि रक्कम देऊन मिटवलं. कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास १५०० रुपयांपर्यंत दंड आहे. आजचा चुकीचा ‘पहिला’ मान्य केलात तर पुढे कधी खरंच चूक झाली की ती ‘पुन्हा’ धरली जाऊ शकते. प्रकरण व्हर्च्युअल कोर्टात, म्हणजे चलानांच्या ऑनलाइन न्यायालयात, गेल्याचा मेसेज आला तर घाबरू नका, तिथे भरण्याचा पर्याय असतो तसा ‘मान्य नाही, बाजू मांडायची आहे’ असाही असतो. तो निवडा. मग ते नेहमीच्या न्यायालयात जातं आणि तुमचा फोटो, आरसी तिथे दाखवता येते.

लोक अदालतीची नोटीस आली तर जाऊन माहिती जरूर घ्या, पण एक लक्षात ठेवा. लोक अदालत तडजोडीसाठी असते आणि तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. थोडी रक्कम कमी करून मिटवायचं असेल तर ती जागा. तुमचा प्रश्न रक्कम कमी करण्याचा नाही, नाव पुसण्याचा आहे. २८ वर्षं जपलेलं रेकॉर्ड जपण्यासाठी भांडणं यात काहीही कमीपणाचं नाही, मुलालाही हे पत्र वाचायला द्या.

प्रश्न : तासगावहून लिहितो. बेदाण्याचा व्यापार आहे. शेजारच्या शहरात बाजारपेठेत पी-वन, पी-टू आहे, म्हणजे विषम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला आणि सम तारखेला दुसऱ्या बाजूला पार्किंग. ३१ तारखेला माझा पिकअप पी-वनच्या बाजूला होता, माल उतरायला रात्र झाली म्हणून तिथेच राहिला. १ तारखेला सकाळी दंड. हवालदार म्हणाला, काल विषम होती म्हणजे आज सम, बाजू बदलायला पाहिजे होती.

उत्तर : दादा, ३१ विषम आणि १ पण विषम. सम-विषमचं पार्किंग तारखेवर चालतं, एका दिवसाआड नाही. वर्षात सात महिने ३१ दिवसांचे असतात, त्यामुळे असं सात वेळा होतं, आणि लीप वर्षात २९ फेब्रुवारीनंतर १ मार्चला आणखी एकदा. दोन विषम तारखा लागोपाठ आल्या म्हणजे गाडी त्याच बाजूला राहिली ती बरोबरच होती.

कॅलेंडर तर तुमच्या बाजूनं आहेच, पण फलक काय म्हणतो ते पाहा. काही ठिकाणी फलकावर वेळही लिहिलेली असते, काही ठिकाणी मालवाहू गाड्यांना वेगळा नियम असतो. त्या जागी परत जा, फलकाचा आणि ज्या दुकानासमोर गाडी होती त्या दुकानाच्या पाटीचा एकाच चौकटीत फोटो घ्या. मालवाहू गाड्यांचं वेगळं काही लिहिलेलं असेल तर भांडू नका, दंड बरोबर असेल. नसेल तर वरच्या दादांना सांगितलं तीच वाट. सोबत त्या रस्त्यावर पी-वन, पी-टू लागू करणाऱ्या अधिसूचनेची प्रत माहिती अधिकारात मागा, कारण रंगाऱ्यानं फलकावर रंगवलेलं आणि अधिसूचनेत लिहिलेलं एकच आहे असं धरून चालू नका.

प्रश्न : कऱ्हाडहून. पालिकेच्या वाहनतळावर चुकीचे पैसे गेले, दीड महिना झाला, मी भरून मोकळा झालो. आता काही होईल का?

उत्तर : होईल. तुमचं प्रकरण पहिल्या पत्रातल्या ताईंसारखं आहे. वाहनतळावर उन्हात, मागे हॉर्न वाजत असताना दिलेले पैसे म्हणजे चूक मान्य केली असं होत नाही. ई-चलान भरलं असतं तर ते परत मिळवणं फार कठीण होतं, पालिकेच्या पावतीचं तसं नाही. वरचा अर्ज तसाच लिहा, त्यात ‘नाइलाजाने रक्कम भरली’ एवढं एक वाक्य घाला. ठेकेदारानं फलकावरच्या दरापेक्षा जास्त घेतलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

पावती कुठे आहे ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. गाडीत काचेजवळ असेल तर हे वाचून झाल्यावर आधी जाऊन ती उचला. दीड महिन्याच्या उन्हात अक्षरं पुसट झाली असली तरी तिरप्या उजेडात धरून फोटो काढला की बऱ्याचदा पावती क्रमांक वाचता येतो, आणि क्रमांक मिळाला की पालिकेला तिच्या बाजूची नोंद शोधता येते.